न थिजलेला मध

७ जानेवारी

नर्सबाईंनी ही वही दिली ती ताप आणि उलट्या लिहून ठेवायला. ताप नाही, उलटी अजून नाही, तेव्हा बाकीचं लिहिते. नववीत शाळा सुटली (मी शाळा सोडली की शाळेनं मला, यावर आईचं आणि माझं अजून एकमत नाही), त्यामुळे चुकलंमाकलं कोणी काढत बसू नये.

उद्या पहिला डोस. गेल्या महिन्यात छातीची डावी बाजू कापून काढली. डॉक्टर म्हणाले गाठ निघाली, पण तिचं बी कुठे सांडलं असेल तर ते मारायला हवं. चार डोस, तीन तीन आठवड्यांनी. चारही घ्यायचे. मधेच सोडलंस तर ऑपरेशनसुद्धा पाण्यात, असं बोट नाचवून म्हणाले.

मला राग येतो तो अंगाचा. चार वर्षं मी आणि माझा जोडीदार लांब्या मधमाश्यांच्या पेट्या ट्रकमध्ये घालून फुलांच्या मागे हिंडतोय. जिथे मोहरी तिथे आम्ही, जिथे सूर्यफूल तिथे आम्ही. हजारदा माश्या चावल्या असतील, कधी साधी गोळी घेतली नाही. आणि याच अंगानं, मी गाढ झोपलेली असताना, आतल्या आत हे करून ठेवलं. घरचा भेदी.

लांब्यानं मला हॉस्पिटलच्या दारात सोडलं तेव्हा इंजिन बंद केलं नव्हतं. मागे पेट्या होत्या, पेट्या बंद असताना उन्हात उभं राहिलं की माश्या गुदमरतात, त्यामुळे त्याचं बरोबरच होतं. "मोहरी फुलली की येतोच," म्हणाला. मोहरी फुलली असेल आता.

८ जानेवारी

लांबलचक खोली, ओळीनं खुर्च्या, प्रत्येक खुर्चीशेजारी एक खांब आणि खांबाला लटकलेली बाटली. औषध लाल भडक. नर्सबाई म्हणाल्या लघवी लाल होईल, घाबरू नकोस. हे आधी सांगतात ते बरं.

आई सोबत. आई हॉटेलच्या लाँड्रीत चादरींच्या घड्या घालते, आज अर्ध्या दिवसाची सुटी काढून आली. आल्यापासून तिचं चालू: लिफ्ट चालू होती, देवाचे आभार. खिडकीजवळची खुर्ची मिळाली, देवाचे आभार. पहिल्याच खेपेला शीर सापडली, देवाचे आभार, आणि नर्सबाई तुमचेही.

शेजारच्या खुर्चीत एक निवृत्त मास्तरीणबाई. डोक्याला फडकं, डोळे मिश्कील. बराच वेळ ऐकून म्हणाल्या, "तुमच्या आईला देवानं नोकरीवर ठेवलंय का गं?"

आई म्हणाली, "कायमची नाही हो बाई, रोजंदारीवर."

मास्तरीणबाई इतक्या हसल्या की त्यांची बाटली हलली.

घरी येताना मी आईला विचारलं, "ज्यानं गाठ दिली त्याचेच आभार?" ती म्हणाली, "दिली कुणी ते मला ठाऊक नाही. सापडली, त्याचे." घडी घालून टाकते ती प्रत्येक गोष्टीची.

२३ जानेवारी

केस गेले. उशीवरच राहिले, टोपी काढून ठेवावी तसे. रडावं म्हणून आरशासमोर बसले, तेवढ्यात आई म्हणाली, "चला, उवांची तरी कटकट मिटली, देवाचे आभार." मग रडणं राहूनच गेलं.

लांब्याला टकलाचा फोटो पाठवला. उत्तर नाही. रानात रेंज नसते.

उगीच बसल्या बसल्या पेट्या आठवतात. पेट्या हलवायच्या असल्या की संध्याकाळ होऊ द्यायची, बाहेर गेलेली शेवटची माशी घरी आली की मगच दाराला जाळी ठोकायची. लांब्याला एवढा धीर कधीच नसतो. "चार-दोन राहिल्या तर राहिल्या." मी जाळी हातात धरून पेटीवरच बसायचे, "अजून येतायत" म्हणत. मागे राहिलेली माशी त्याच जागेवर परत येते, पेटी नसली तरी. तिथेच फिरत राहते, मग तिथेच मरते. यावरून आमचं दर मुक्कामाला भांडण. त्या भांडणाचीसुद्धा आठवण येते, म्हणजे बघा.

२९ जानेवारी

दुसरा डोस. शीर तिसऱ्या खेपेला सापडली. आईनं तिसऱ्या खेपेचे आभार मानले.

३१ जानेवारी

लिहायचं नाही असं ठरवलं होतं. तोंडात कोणी गंजका खिळा ठेवलाय. पाणी खिळ्याचं, अंडं खिळ्याचं, स्वतःची थुंकी खिळ्याची. हाडं कोणी पिळून वाळत घातलीयत.

मी आईला सांगितलं, बास. उरलेले दोन नाही घेणार. लांब्याकडे जाते. मरायचंच असेल तर मोहरीत मरेन, पिवळं तरी दिसेल. पिशवी भरली. आईनं पिशवीतले कपडे काढले, नीट घड्या घातल्या आणि परत भरले. म्हणाली, "उद्याची सकाळ होऊ दे. अंगात उभं राहायचं बळ नाही तुझ्या."

म्हणजे अडवलंही नाही. मला वाटलं होतं अडवेल.

१ फेब्रुवारी

तो येऊन गेला!

मी दुपारी झोपले होते. उठले तर आई उशाशी, हातात मधाची बाटली. म्हणाली, तो खाली आला होता, ट्रकमध्ये पेट्या होत्या म्हणून वर येता आलं नाही. म्हणाला, तिला झोपू दे, हा मोहरीचा पहिला मध, रोज एक चमचा द्या. आणि म्हणाला, चारही डोस घ्यायला सांगा, मग मी न्यायला येतो.

"असं म्हणाला? चारही?"

"चारही."

"कसा दिसत होता?"

"बरा होता. दाढी वाढवलीय."

त्याला दाढी कुठली, हनुवटीवर मोजून चार केस आहेत. पण माझ्या काळजीनं वाढलेही असतील. आणि आई चक्क म्हणाली, "पोरगा गुणी आहे." चार वर्षं तिनं त्याला 'तुझा तो लांबडा' याखेरीज दुसऱ्या शब्दानं ओळखलं नव्हतं. आजारपणाचा एवढा तरी फायदा.

चमचाभर खाल्ला. चव नाही, खिळाच. पण मला माहीत आहे ना आत काय आहे ते. पिशवी आईनं रिकामी केली, मी करू दिली.

४ फेब्रुवारी

लांब्याला मेसेज टाकला: मध मिळाला, रोज खाते, चारही घेणार. संध्याकाळी उत्तर आलं. अंगठा. नुसता वर केलेला अंगठा, पण आला.

आईनं त्या दिवसापासून तीनदा विचारलं होतं, "त्याला काही कळवलंस का? काय म्हणाला?" आज अंगठा दाखवला तर ती स्टुलावर बसलीच. मग वर बघून म्हणाली, "देवाचे आभार." माझ्यापेक्षा हिलाच जास्त आनंद.

आईचं आभाराचं जे काही आहे ते मला देवाच्या बाबतीत जमत नाही. लांब्याच्या बाबतीत जमायला लागलंय. सकाळी खिडकीत उभी राहते, चमचा तोंडात, डोळे मिटून. मनात म्हणते, बाबा रे, आठवण ठेवलीस. बस इतकंच. पण त्या इतक्यावर दुपारपर्यंत ढकलता येतं.

१९ फेब्रुवारी

तिसरा. हाताच्या शिरा काळ्या दोऱ्यांसारख्या झाल्यात. मास्तरीणबाईंना मधाचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "आणि तो स्वतः?" मी म्हटलं, "पेट्या सोडून येता येत नाही हो." त्या म्हणाल्या, "माझ्या वर्गात असतीस तर बाकावर उभी केली असती." का, ते सांगितलं नाही. डोळे मिटून घेतले. त्यांचं आज बरं नव्हतं.

मोहरीच्या मधाची एक गंमत. पंधरा-वीस दिवसांत तो थिजतो, लोण्यासारखा पांढरा घट्ट होतो. गिऱ्हाईक येऊन भांडतं, साखर मिसळलीत म्हणून. लांब्या शिव्या देतो, मी समजावते, की अहो थिजला म्हणजेच खरा. एकदा एका बाईंना समजावता समजावता मी त्यांच्याच घरी जेवून आले, ते वेगळं.

सांगायचं काय होतं? हां. ही बाटली अजून थिजली नाही. सोनेरी, पातळ, चमच्यावरून धार लागते. आई ती शेगडीच्या वरच्या फळीवर ठेवते, ऊब लागत असणार.

२७ फेब्रुवारी

मी दवाखान्यात रक्त द्यायला गेले होते तेव्हा लांब्या परत येऊन गेला. दुसरी बाटली. माझं नशीबच फुटकं, दोन्ही वेळा चुकामूक.

आमच्या खोलीखाली सायकलवाल्या काकांचं दुकान आहे. त्यांना विचारलं, ट्रक कुठे उभा केला होता हो त्यानं? काका पंक्चर काढता काढता म्हणाले, "कसला ट्रक? मी सकाळपासून इथेच बसलोय. या गल्लीत हातगाडी शिरत नाही धड, ट्रक कुठला शिरतोय?" म्हातारपण. दुपारी डुलक्या घेतात आणि कबूल करत नाहीत.

वर येऊन आईला सांगितलं तर ती म्हणाली, "त्यांना दिसतं कमी." आणि चादर नसताना हवेतच काहीतरी घडी घातल्यासारखे हात केले. थकलीय ती. सकाळच्या पाळीनंतर आता संध्याकाळचीही करते.

१० मार्च

सकाळी आईनं उकडलेला बटाटा दिला आणि मला मीठ लागलं.

मीठ! खारट, धडधडीत खारट. मी ओरडले. आई पाळीला निघाली होती, ती दारातून परत आली, मला काय झालं बघायला. मी म्हटलं, "आई, मीठ!" तिनं मीठ देणाऱ्याचे आभार मानले आणि घाईनं गेली. मी बटाटा संपवला, जिभेनं ताटली चाटली, मग म्हटलं आता खरा मान कोणाचा, तर मधाचा. इतके दिवस आंधळ्यासारखा खाल्ला, आज डोळस खाऊ.

चमचा भरून घेतला.

गोड. नुसता गोड. मोहरीच्या मधाला मागून एक झटका असतो, घशाशी जरा तिखटसर. तो नव्हता. कुठल्याच फुलाचा वास नव्हता. उकळून, गाळून, दहा ठिकाणचा एकत्र केलेला दुकानातला मध, जो बघून लांब्या थुंकतो. दुसरा चमचा घेतला. तिसरा. वाटलं जीभ अजून बरी झाली नसेल. मग बाटली तिरकी केली. ही पहिलीच बाटली, महिना उलटून गेला तरी पाण्यासारखी धार.

गिऱ्हाइकांना थिजण्याचं शहाणपण शिकवणारी मी. बाटली रोज हातात होती.

बाटलीचा तळ बघितला. कागद खरवडून काढल्याच्या खुणा होत्या, नखानं, नीट, कोपरा न कोपरा. असं स्वच्छ खरवडणारी एकच बाई मला माहीत आहे.

११ मार्च, बसमध्ये

काल "उद्या येते" एवढंच लिहून ठेवलं आणि निघाले. बाटली पिशवीत घेतली होती, लांब्याच्या पुढ्यात आपटायला. मनात कुठेतरी असंही होतं की तो म्हणेल, अगं मीच दिली, गडबडीत दुकानातली घेतली. माणूस किती हलकट असतो स्वतःशी.

रात्र बसस्टँडवर काढली, सकाळी शेतावर पोचले. मोहरी संपलेली, शेंगा वाळलेल्या. बांधावर आमच्या पेट्या असायच्या तिथे गवतावर पिवळे चौकोन. नुसते चौकोन.

शेतमालकीण शेंगा गोळा करत होती. "परवाच गेले की. भर दुपारी जाळ्या ठोकल्या. मी म्हटलं, अहो, माश्या अजून रानात आहेत. तर म्हणतो, ज्या आल्या त्या आपल्या." मग माझ्या डोक्याच्या फडक्याकडे बघून म्हणाली, "तुम्ही कोण त्यांच्या?"

मी म्हटलं, "मी जाळी ठोकायचे. संध्याकाळी."

तिला समजलं नाही. पाणी दिलं तिनं. मी विचारलं, मधे कधी ट्रक घेऊन शहराकडे गेला होता का? ती म्हणाली, "छे. ट्रकचं टायरच फुटलेलं होतं. पेट्याही इथेच, तोही इथेच. झाडाखाली झोपून मोबाइल बघायचा दिवसभर. इथे रेंज छान येते."

एका चौकोनाच्या कडेला दगडावर मूठभर माश्या होत्या. मागे राहिलेल्या. एकमेकींना चिकटून, पंख झिजलेल्या. दोन दिवसांच्या उपाशी.

मी बाटली उघडली आणि दगडावर ओतली. बाजारचा मध माश्यांना देऊ नये, हा नियम लांब्याला मीच शिकवला होता, रोग येतो म्हणून. पण हा उकळून उकळून मेलेला, याच्यात रोग तरी काय उरणार. त्या आल्या. सोंड बुडवून प्यायल्या. कुणाचा, कुठला, थिजतो की नाही, काही नाही. अर्ध्या तासानं त्यातल्या काही उठल्या आणि गेल्या, शेतमालकिणीच्या विहिरीपलीकडे कुणाच्या तरी पेट्या आहेत तिकडे. रिकामी माशी दुसऱ्याच्या दारात गेली तर पहारेकरणी तिला ओढून बाहेर काढतात. पोट भरलेली आली तर आत घेतात.

आता परतीच्या बसमध्ये आहे. अक्षर हलतंय ते रस्त्यामुळे.

उद्या शेवटचा डोस. तीन कोणाच्या नावावर घेतले मी? सकाळी खिडकीत डोळे मिटून कोणाला हाक मारत होते? देव आईचा. मध दुकानातला. लांब्याचा एक अंगठा. माझं असं या सगळ्यात काय होतं? शिरा होत्या, त्याही आता सापडत नाहीत.

राग कोणावर काढू तेही धड कळत नाही. आईवर सोपं आहे, ती घरी असते. पण मधेच तो अंगठा आठवतो. आईला खोटं बोलायला दुकानात जावं लागलं, कागद खरवडावा लागला, दाढी शोधून काढावी लागली, दुसरी पाळी करावी लागली. त्याला फक्त बोट लावायचं होतं. मी लिहिलं मध मिळाला, आणि त्यानं घेतला. न दिलेल्या मधाचे आभार त्यानं गुपचूप ठेवून घेतले.

१२ मार्च

काल घरी पोचले तेव्हा आई जिन्याच्या पायरीवर बसली होती. कुठे होतीस, विचारलं नाही. "पाय धुऊन घे," म्हणाली.

आज आम्ही गेलो. का गेले ते मला नीट सांगता येणार नाही. आईनं चपला पुढे करून ठेवल्या होत्या आणि मी पाय घातले.

मास्तरीणबाईंची खुर्ची रिकामी होती. नर्सबाई म्हणाल्या, त्यांचे डोस संपले, बऱ्या आहेत, तुझी चौकशी करत होत्या, ती पोरगी शहाणी झाली का म्हणून.

शीर चौथ्या खेपेला सापडली. लाल बाटली सुरू झाली तशी आईनं पिशवीतून नवी मधाची बाटली काढली. सोनेरी, पातळ. खालचा कागद खरवडलेला.

"काल तू नव्हतीस ना," ती म्हणाली, "तेव्हा येऊन गेला."

"हो? कसा होता?"

"उन्हानं काळवंडलाय जरा."

"दाढी?"

"काढली."

"काय म्हणाला?"

आई बाटलीकडे बघत म्हणाली, "म्हणाला, शेवटचा आहे, चुकवू देऊ नका."

मी म्हटलं, "दे चमचा." तिनं दिला. खाल्ला. नुसता गोड. तिनं सुरू केलं, शीर सापडली त्याचे आभार, नर्सबाईंचे आभार, शेवटची बाटली त्याचे आभार, आणि त्या पोराचे...

"त्याला वगळ," मी म्हटलं.

तिचा हात चमच्यावर थांबला. मग तिनं बाटलीला झाकण लावलं.

"कधी कळलं?"

"मीठ लागलं तेव्हा."

"मग आता खाल्लास कशाला?"

"तू आणलास म्हणून."

आई रडली नाही. रडेल असं वाटलं होतं, मी तयार होते, थोडं रडवायचंही होतं मला. ती म्हणाली, "तू पिशवी भरलीस ना, तेव्हा मी देवाला म्हटलं, एवढं एक खोटं चालवून घे."

"त्याला चालत असेल. मला नाही चालत, आई. मी त्या चमच्यावर जगले. मला वाटलं कोणीतरी आठवण काढतंय."

"काढत नव्हतं का कोणी?"

मला अजून तिचा राग आहे. तो जाईल असं वाटत नाही, निदान इतक्यात नाही. पण मी खुर्चीतून उठलेही नाही, बाटली अर्धी व्हायची होती.

सुई नसलेल्या हातानं मोबाइल घेतला. लांब्याला लिहिलं: मध संपला, आता पाठवू नकोस.

लगेच उत्तर. रेंज छान असणार.

आईला दाखवलं. तिनं चष्मा लावून बघितलं. वर केलेला अंगठा. तिनं मोबाइल जवळ धरला, लांब धरला, परत जवळ धरला.

"अरे मेल्या," आई म्हणाली.

माझ्या जन्मात मी तिच्या तोंडून हा शब्द ऐकला नव्हता. शेजारच्या दोन खुर्च्यांनी माना वळवल्या. आईनं जीभ चावली, वर बघून म्हणाली, "चुकले, माफ कर." मग माझ्याकडे वळली आणि हळू आवाजात म्हणाली, "पण मेलाच."

नर्सबाई धावत आल्या, बाटली का हलतेय बघायला.